किरकिऱ्याचा काठ

८ फेब्रुवारी

ताई गेली. लिहून वाचलं तर भलतंच वाटतंय, म्हणून स्पष्ट करते. ताई तिच्या मुलाकडे राहायला गेली. बाई धडधाकट आहे, फक्त गुडघे कुरकुरतात आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. भाचा गाडी घेऊन आला आणि तिच्या पेट्या, शिवणयंत्र आणि आरामखुर्ची घेऊन गेला. खुर्ची होती तिथे फरशीवर पायांचे ठसे उमटलेत. मी त्यांच्यावर टेबल सरकवून बघितलं, पण टेबलाचे पाय त्या ठशांवर बसत नाहीत.

निघताना म्हणाली, "चिमे, तळ्यावर एकटी जात जाऊ नकोस. कोणाला तरी बरोबर घे." मी म्हटलं, मी काय कुक्कुलं बाळ आहे? साठी कधीच उलटलेल्या बाईला चिमी म्हणणारी जगात ती एकटीच उरली आहे, तेव्हा तिला मी बाळच वाटणार. तिने माझा हात बराच वेळ सोडला नाही. काहीतरी सांगायचं होतं असं वाटलं, पण भाचा खालून हॉर्न वाजवतोय म्हणाली आणि गेली. पोरगा हळू वाजवत असणार, मला काही ऐकू आला नाही.

संध्याकाळी चहाच्या वेळी आम्ही दोघी दिवसभराचं सगळं बोलून घ्यायचो. आता ते बोलणं कुठे टाकायचं, म्हणून ही डायरी.

१२ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा तळ्यावर एकटी गेले. थंडी आहे, पण सकाळच्या उन्हाला जरा धार आली आहे. काठावरच्या झाडांना बारीक लालसर कोंब दिसतात. चांदवे नेहमीसारखे आपसांत भांडत होते. त्या काळ्या पाखरांना दुसरा उद्योग नाही. एक धोबी शेपटी हलवत माझ्यापुढे चालत राहिला, जणू मला वाट दाखवायला त्याला नेमलंय.

कोणी ही डायरी वाचणार नाही, तरी सगळं नीट लिहायची सवय आहे म्हणून लिहिते. आमचं पक्षी मंडळ लहान आहे, आणि सभासद बहुतेक पेन्शनवाले. तळ्याचे काठ आम्ही वाटून घेतलेत. ज्याचा काठ त्याने सांभाळायचा, तिथे कोण आलं, कोण गेलं ते त्यानेच मंडळाला सांगायचं, आणि वीण संपेपर्यंत दुसऱ्याने त्या काठावर पाऊल टाकायचं नाही. हा नियम मीच आग्रहाने करवून घेतला. चार माणसं चारी बाजूंनी घुसायला लागली तर पाखरं घरटी करतील कशाला? एकदा मंडळातल्याच पोस्टमास्तरांनी माझ्या काठावर येऊन दुर्बीण रोखली होती, तर त्यांना मी असं झापलं की ते अजून मला दुरून नमस्कार करतात.

माझा आणि ताईचा काठ पूर्वेचा. पाणकणसांचं मोठं बेट आहे तिथे, माणसाच्या डोक्याच्या वर जाणारं. वसंताची चाहूल लागली की त्या बेटात किरकिऱ्या येतो. पुस्तकात त्याचं नाव लांबलचक आहे, पण आम्ही किरकिऱ्याच म्हणतो. चिमणीपेक्षा बारीक, मातकट, आणि महालाजाळू. तो दिसत नाही. इतक्या वर्षांत मला एकदाही दिसलेला नाही. तो फक्त ऐकायचा असतो. सकाळी कणसांच्या आतून एकच बारीक किर्र सुरू होते आणि चालूच राहते. ती ऐकली की समजायचं, आला.

म्हणून तो काठ माझा. मंडळात म्हणतात, ताईचे डोळे आणि माझे कान. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी सगळा जन्म कानाला हेडफोन लावून काढला. लाइनीच्या खरखरीवरून कॉल कुठल्या बाजूचा ते सांगायचे मी. साहेब लोक नव्या मुलींना माझ्याशेजारी बसवायचे, म्हणायचे, हिचे कान बघा.

आज किरकिऱ्या नव्हता. अजून लवकर आहे.

१५ फेब्रुवारी

चहाची किटली जळाली. शिट्टीची किटली आहे, पाणी उकळलं की वाजते, म्हणून तर घेतली होती. मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होते, ती वाजलीच नाही. जळका वास आला तेव्हा धावले. बूड काळं ठिक्कर.

दुकानात जाऊन नवी आणली. घरी लावली तर तिचीही शिट्टी मुकी. परत नेली. दुकानदाराने तिथेच गॅसवर ठेवून दाखवली आणि माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, वाफ तर येतेय, शिट्टी कुठंय? त्याने गॅस बंद केला आणि किटली पुसून मला परत दिली. हल्ली वस्तूही तशा आणि दुकानदारही तसे.

२० फेब्रुवारी

वाईट बातमी. मंडळाच्या अध्यक्षांनी, म्हणजे आमच्या दातांच्या डॉक्टरांनी, सगळ्यांना घरी बोलावलं होतं. नगरपालिकेचे बागांचे इंजिनिअर आले होते. तरुण आहेत, सभ्य आहेत, बोलतात मात्र तोंडातल्या तोंडात. तळ्याभोवती चालण्याचा गोल रस्ता करायचाय. तीन बाजू झाल्या. चौथ्या बाजूला आमचं पाणकणसांचं बेट आडवं येतं. ते कापलं की रस्ता पुरा.

डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की तिथे किरकिऱ्याची वीण होते, आणि या सगळ्या भागात दुसरीकडे कुठेच होत नाही. इंजिनिअर म्हणाले, तसं असेल तर बेटाला हात लावणार नाही, रस्ता मागून वळवू. पण गेली दोन वर्षं तो कमी होत चाललाय असंही कानावर आलंय. तर यंदा आला की नाही, एवढं मंडळाने मार्चच्या बैठकीत सांगावं. आला तर बेट राहील. नाही आला तर वीण सुरू व्हायच्या आत कापून घेऊ.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले, "या सांगतील तीच पूर्व दिशा." विनोद केला त्यांनी, कारण काठ पूर्वेचाच आहे. मला हसू आलं नाही. एवढं सगळं माझ्या एकटीवर आलं हे त्या क्षणी कळलं, आणि शेजारची खुर्ची रिकामी होती.

२७ फेब्रुवारी

रोज जाते. उजाडायच्या सुमाराला बेटाजवळच्या दगडावर जाऊन बसते आणि ऊन वर येईपर्यंत हलत नाही. राखी बगळा येतो, खंड्या येतो, टिबुकल्या बुडी मारतात आणि भलतीकडेच वर येतात. किरकिऱ्या नाही. तळंच यंदा गप्प झाल्यासारखं वाटतं. बारीकसारीक पाखरं कुठे गेली कोण जाणे. पाण्यात काहीतरी सोडत असतील कारखानेवाले.

मागच्या पायवाटेवरून एक बाई कुत्रा घेऊन जाते. चाळिशीची असेल, लाँड्रीत कामाला आहे, कामावर जायच्या आधी कुत्र्याला फिरवते. आज तिने माझ्या मागून येऊन एकदम खांद्याला हात लावला, मी केवढ्याने दचकले. म्हणाली, "आजी, केव्हाच्या हाका मारतेय, तुमची पिशवी तिकडे पडली होती." पिशवी घेतली. कुत्र्याला बेटापासून लांब ठेवायला बजावलं. आणि आजी म्हणू नको, हेही सांगितलं. तिने लगेच काकू म्हणायला सुरुवात केली. त्याला माझी हरकत नाही.

घरी आले तर खालच्या मजल्यावरचे गृहस्थ जिन्यात उभे. रेडिओ फार मोठा लावता म्हणाले. मी मोठा लावत नाही. घर रिकामं झालं की आवाज घुमतो, एवढंही त्यांना कळत नाही. ताई होती तेव्हा तीच रेडिओ लावायची आणि कधी कोणाची तक्रार आली नव्हती.

३ मार्च

ताईचा फोन. नवे दात बसवल्यापासून तिचं बोलणं पार बदललंय, निम्मं हवेत जातं. तब्येत बरी आहे, सून चांगली वागते, घरासमोर झाड नाही, एवढं समजलं. मी बेटाची हकिकत सांगितली. ती एकदम म्हणाली, पुढच्या रविवारी मी येऊ का, एक दिवस, आपण दोघी जाऊ. मी म्हटलं, गुडघे घेऊन जिने चढणार आहेस का माझ्या काठासाठी? कान माझे आहेत, मी बघून घेईन. तेव्हा हं म्हणाली.

फोन ठेवल्यावर मला रडू आलं. कशाला नको म्हटलं कोण जाणे. रागच आहे मला तिचा. सगळा जन्म एका घरात काढला आणि गुडघ्यांचं निमित्त सांगून गेली.

गेल्या वसंतात आम्ही त्या दगडावर अगदी चिकटून बसायचो, थंडीमुळे. तिने माझं कोपर धरलेलं असायचं. किरकिऱ्या सुरू झाला रे झाला की ती कोपर दाबायची, आनंद आवरायचाच नाही तिला. मी मान हलवायचे, ऐकतेय गं. मग कितीतरी वेळ आम्ही दोघी हलायचो नाही. इतकं छान ऐकू यायचं.

८ मार्च

अजून नाही.

आज दगडावर बसल्याबसल्या मनात आलं, आला म्हणून सांगून टाकावं. कोण तपासणार आहे? कोणी माझ्या काठावर येणार नाही, तो नियमच आहे. बेट वाचेल. आणि पुढच्या वर्षी तो खरंच आला तर त्याला जागा राहील. एका खोट्या शब्दाने कोणाचं काय वाईट होणार?

पण मला जमणार नाही. एक्स्चेंजमध्ये कोणी कितीही गयावया केली तरी लागलेली नाही ती लाइन लागली असं मी कधी म्हटलं नाही. न ऐकलेलं ऐकलं म्हणायचं तर मग माझ्याकडे राहिलंच काय? घरात बोलायला माणूस नाही, कान तेवढे आहेत.

येताना कुत्रेवाली भेटली. काकू, रोज इथे काय ऐकत बसता, म्हणून विचारत होती. मी म्हटलं, जे नाही ते. तिला वाटलं मी फटकळपणा केला. खरं तर मी तिला सगळं सांगू शकले असते, ती थांबलीही होती. पण पक्ष्यांमधलं काही कळत नसलेल्या माणसाला कुठून सुरुवात करून सांगायचं?

१२ मार्च

बैठक झाली. मी सांगितलं.

डॉक्टरांनी विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "रोज गेलेय. एक दिवस चुकवला नाही. यंदा तो आला नाही." पोस्टमास्तर म्हणाले, आणखी आठवडाभर थांबावं का. मला ते लागलं. मी म्हटलं, माझ्या कानांवर विश्वास नसेल तर तसं सांगा. लगेच सगळे नाही नाही म्हणाले.

इंजिनिअरना मनापासून वाईट वाटलेलं दिसलं. पुढच्या सोमवारनंतर कापायला माणसं पाठवतो म्हणाले. जाताना मला म्हणाले की दुसरं कोणी असतं तर सोयीचं तेच सांगितलं असतं. मी मान ताठ ठेवून जिना उतरले. रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत ताठच होती. मग एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. माझ्या एका वाक्याने बेट जाणार होतं, आणि वाक्य खरं होतं म्हणून मला काही बरं वाटलं नाही.

घरी येऊन चहाला दोन कप काढले. हे सवयीने होतं.

१७ मार्च

हे लिहायला नको वाटतंय. तरी लिहिते.

बेट जायच्या आधी एकदा बघून यावं म्हणून सकाळी गेले. ऐकायला नाही, नुसती बघायला. दगडावर बसले नाही, मागच्या पायवाटेवर उभी राहिले. कुत्रेवाली आली. जरा इकडचं तिकडचं झालं, मग ती म्हणाली, "काकू, हे नक्की काय वाजतं हो इथे? पंप बिघडलाय का कुठला? आठ-पंधरा दिवस झाले, रोज सकाळी चालू असतं."

मी म्हटलं, पंपघर पलीकडच्या काठाला आहे आणि ते बंद असतं. काय वाजतं?

"हेच की. आता वाजतंय ते."

मी तिच्याकडे बघितलं. ती थट्टा करत नव्हती. कुत्रा कान टवकारून कणसांकडे बघत उभा होता. मी विचारलं, कसं वाजतं? ती म्हणाली, आमच्या लाँड्रीत मागच्या खोलीत शिलाईचं मशीन आहे, भिंतीपलीकडून ऐकलं की तसं येतं, बारीक, एकसारखं. मी म्हटलं, थांबलं की सांग. जरा वेळाने म्हणाली, थांबलं. मग म्हणाली, सुरू झालं.

लाइन खराब असली की आम्ही हेच करायचो. एक टोक बोलायचं, दुसरं टोक सांगायचं, येतंय, जातंय. मी कितीतरी वेळ तिला ते करायला लावलं. तिला कामावर जायचं होतं, तरी ती उभी राहिली.

आणि मग मला तो दिसला. एका जुन्या कणसाच्या दांड्यावर, आतून सरकत सरकत वर आला. मातकट, एवढासा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चोच सताड उघडी होती, गळा थरथरत होता, डोकं तो हळूहळू इकडून तिकडे फिरवत होता. शेजारी ती म्हणत होती, "बघा, आता किती जोरात." मी त्याच्या चोचीकडे बघत होते आणि मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

किटली. रेडिओ. भाच्याचा हॉर्न. ताईचे दात.

बाईने विचारलं, काकू, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, तो पक्षी आहे. पंप नाही, पक्षी आहे.

संध्याकाळ

ताईला फोन लावला. आधी फोनचा आवाज पूर्ण वाढवला. तिचे दात एकदम सुधारले.

मी विचारलं, तुला माहीत होतं? ती लगेच म्हणाली, हो. कधीपासून? तर म्हणाली, दोन वसंत झाले. पहिल्यांदा किरकिऱ्या तुझ्या नाकासमोर ओरडत होता आणि तू मला म्हणालीस, अजून आला नाही. तेव्हापासून मी कोपर दाबायला लागले.

म्हणजे तो आनंद नव्हता. ती मला सांगत होती. मी मान हलवायचे आणि मला खरंच ऐकू यायचं. शपथेवर सांगते, यायचं.

मी म्हटलं, ताई, सांगायचं होतंस गं. बेट जातंय माझ्यामुळे.

ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तू यायचं बंद केलं असतंस. मग मी कोणाबरोबर गेले असते, चिमे? मला काय करायचेत पक्षी?"

मला वाटायचं मीच तिला सोबत देतेय, तिला पक्ष्यांचं वेड म्हणून. तिलाही अगदी तसंच वाटत होतं. एका घरात राहून एवढंही कळलं नाही.

१८ मार्च

सकाळीच दातांच्या डॉक्टरांकडे गेले. दवाखान्यातल्या त्या खुर्चीवरच बसवलं मला, दुसरी रिकामी नव्हती. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग माझ्या अगदी समोर येऊन, सावकाश बोलले, आणि मला कळलं की ते गेले कित्येक दिवस माझ्याशी असेच बोलताहेत.

ते म्हणाले, एवढं कशाला बोलायचं? तो उशिरा आला असं सांगा. पाखरं उशिरा येतातच. इंजिनिअर भले माणूस आहेत, काम थांबवतील. बेटही राहील आणि तुमचा काठही तुमच्याकडे राहील. कोणाला काही कळायचं कारण नाही.

मी रस्ताभर तोच विचार करत आले. उशिरा आला. दोनच शब्द. ते खोटं तरी किती, माझ्यापर्यंत तो उशिराच पोचला. मी हे वाक्य घरात मोठ्याने म्हणूनही बघितलं, अगदी सहज येत होतं.

पण पुढच्या वर्षी मार्चमध्ये सगळे परत माझ्याकडेच बघतील. मी परत त्या दगडावर बसेन, तो माझ्यासमोर चोच उघडेल, आणि मी सांगेन, आला नाही. नाहीतर न ऐकता दरवर्षी आला म्हणत राहीन, अगदी तो खरंच यायचा थांबला तरी. माझ्या शब्दावर ते बेट ठेवायचं म्हणजे कुजक्या फळीवर माणूस उभा करायचा.

आणि तो काठ सोडला तर मी सकाळी उठून कुठे जाऊ? हेही लिहून ठेवते, कारण दिवसभर खरा विचार हाच होता.

१९ मार्च

नगरपालिकेत गेले. इंजिनिअरांचं टेबल खिडकीपाशी आहे, नकाशांच्या गुंडाळ्यांमागे ते दिसत नाहीत. ते उठून उभे राहिले. मी उभ्याउभ्याच सांगितलं, बसले असते तर धीर गेला असता.

"किरकिऱ्या आलाय. केव्हाचा आलाय. मला ऐकू आलं नाही, कारण मला आता तो आवाज ऐकू येत नाही. मी दिलेला शब्द चुकीचा होता. तो धरू नका, आणि यापुढेही माझा धरू नका."

ते काहीतरी बोलले. मी म्हटलं, जरा मोठ्याने बोला. हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा म्हटलं. ऑफिसातली दोन-तीन माणसं वळून बघायला लागली.

उद्या सकाळी मी स्वतः येतो, असं ते मोठ्याने म्हणाले.

२० मार्च

सगळं मंडळ आलं होतं. नियम मोडून माझ्या काठावर सगळ्यांना मीच बोलावलं होतं. कुत्रेवालीलाही यायला लावलं, कुत्रा घरी ठेवून. सगळे ओळीने पायवाटेवर उभे राहिलो. जरा वेळाने तिने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. इंजिनिअरांनी भुवया उंचावल्या, हसले. त्यांना ऐकू येत होता.

डॉक्टरांनी मान डोलावली, पोस्टमास्तरांनी डोलावली, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या मंडळातल्या बाईंनी तर डोळे मिटून डोलावली. मला आता माना ओळखता येतात. मध्ये तो थांबल्याची खूण कुत्रेवालीने केली, इंजिनिअरांनी घड्याळ बघितलं, तरी बाईंची मान डोलतच होती. ज्याचं त्याला कळेल.

बेट राहणार. रस्ता मागून वळवणार. इंजिनिअरांनी तिथेच सांगितलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायला हात उचलले आणि पक्षी उडेल म्हणून तसेच खाली घेतले.

आता काठ कोणाला द्यायचा ते ठरवायचं होतं. मग मीच म्हटलं, हिला द्या. लाँड्रीवाली गोरीमोरी झाली. म्हणाली, मला कावळ्यापलीकडे काही ओळखता येत नाही. मी म्हटलं, ओळखायचं मी शिकवीन, ऐकायचं तू ऐक. डॉक्टर म्हणाले, मग दोघी मिळून सांभाळा. पण नियम नियम आहे. एका काठाला एकच माणूस, आता ताईही नाही की सवलत मागावी. आणि शिकवायचं तर ते घरी, चहावर, पुस्तक उघडूनही होतं. मी नाही म्हटलं. मला पंपघराकडचा काँक्रीटचा काठ दिलाय. तिथे चांदवे असतात.

२४ मार्च

कानांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. एका बंद खोलीत हेडफोन लावून बसवलं आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाले. हेडफोन लावल्यावर मी आपोआप ताठ बसले, ड्यूटीवर असल्यासारखी. सुरुवातीला दाबत होते. मग बराच वेळ शांतता होती. मला वाटलं मशीन बंद पडलं. काचेपलीकडे बघितलं तर ती मुलगी अजून बटणं फिरवत होती.

यंत्र मिळेल. माणसांचं बोलणं नीट ऐकू येईल, फोन येईल, किटलीही येईल बहुतेक. मी किरकिऱ्याचं विचारलं. डॉक्टरांनी कागदावर एक रेघ दाखवली, ती एका ठिकाणी खाली जाऊन संपत होती. म्हणाले, त्याच्या पलीकडचं अवघड आहे.

ताईला सांगितलं. पुढच्या महिन्यात मी तिच्याकडे जाणार आहे, आठ दिवस. तिच्या घरासमोर झाड नाही, पण गच्चीवर कबुतरं येतात म्हणाली. कबुतरं मी ऐकू शकते.

२८ मार्च

आज पहिल्यांदा माझ्या नव्या काठावर गेले. पंपघराच्या भिंतीला टेकून उभं राहिलं की पाण्यापलीकडे समोरच बेट दिसतं. दुर्बीण लावली. लाँड्रीवाली दगडावर बसली होती. माझ्यासारखी वाकून बसत नाही, सरळ बसते, आणि थंडीमुळे हात काखेत घालते. शेजारी दुसऱ्या माणसाची जागा रिकामी होती. माझ्या पायाशी चांदवे भांडत होते आणि ते मला चांगलं ऐकू येत होतं. उगाच रागावले मी त्यांच्यावर.

काल ती चहाला आली होती तेव्हा आमचं ठरलं होतं. तिचीच कल्पना. मी म्हटलं होतं, असले पोरकट प्रकार मला नकोत. पण मी वेळेवर जाऊन उभी राहिले हे खरं.

ऊन कणसांच्या शेंड्यावर आलं आणि तिने उजवा हात वर केला. सरळ, डोक्याच्या वर. म्हणजे सुरू झाला. मी दुर्बीण तिच्या हातावर धरून ठेवली. बेटाकडे बघितलं नाही, तो काही दिसणार नव्हता. हात खाली येईल म्हणून वाट बघत होते, आणि तो येतच नव्हता. तिने मध्येच डाव्या हाताने उजव्याला कोपरापाशी आधार दिला. तरी तो वरच होता.

तो एका दमात इतका वेळ गातो, हे मी विसरूनच गेले होते. तिचा हात दुखला असणार.